पहिल्या पंगतीला बसलेली पोर

माझ्या लेकीला पंगतीतून दंडाला धरून उचललं, तेव्हा ती चार वर्षांची होती. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. पोळ्याचा दिवस होता. बैल मिरवून आणून गोठ्यात बांधले होते आणि घरातली पुरुषमंडळी ओळीनं जेवायला बसली होती. माझं सासर अंबडच्या खाली, गोदावरीकडच्या एका गावात. जमीन बरी, माणसांचं खटलं मोठं. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, म्हणून सगळा कारभार थोरल्या दिरांच्या हातात. सासूबाई, जाऊबाई, जाऊबाईंची दोन मुलं आणि एक रांगणारी मुलगी, आणि मग आम्ही: मी, माझा नवरा, ही लेक आणि नुकता पाय टाकायला लागलेला मुलगा.

लेक आपल्या बापाशेजारी जाऊन बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाप बसतो तिथं आपण बसायचं, एवढंच तिच्या डोक्यात. मीच तिच्या पुढ्यात पुरणाची पोळी वाढली आणि वर तुपाची धार सोडली. थोरले दीर हात धुऊन आले, ओळीवरून नजर फिरवली आणि तिला एका हातानं उचलून ओसरीच्या पायरीवर नेऊन ठेवलं. मग तिच्या ताटातली पोळी काढून आपल्या धाकट्या मुलाच्या ताटात टाकली.

"पोरीची जात," ते म्हणाले, "खरकट्यावर बी वाढती."

भाऊबंदांपैकी एक-दोघं हसले.

मी चुलीपाशी उलथनं घेऊन उभी होते. लेक रडली नाही. बोटाला लागलेलं तूप चाटत ती पायरीवर बसून राहिली आणि आत बघत राहिली. माझ्या नवऱ्यानं मान वर केली नाही. त्यांनी पुढचा घास घेतला. त्या घासाचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी कधी देवापुढं हात जोडले नाहीत.

मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. बोलून काय होतं ते मी जाऊबाईंच्या पाठीवर पाहिलं होतं. त्यांना अंघोळीला पाणी देताना ते वळ मला दिसायचे. आणि तसंही, थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नसतं आणि तिनं त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नसतो. माझ्या लग्नापासून दीर माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मला पाणी मागायचं तरी ते भावाकडं किंवा आईकडं बघून मागायचे: "सांग तिला, पाणी आन म्हणावं." मी त्यांच्या लेखी हुकूम पोचवायची एक जागा होते. अशा जागेला भांडता येत नाही.

पण मी ठरवलं. काय करायचं ते तेव्हा नीट कळलं नव्हतं, कुणाच्या हातून करायचं ते मात्र लगेच कळलं.

मुलगा झाला तेव्हा त्या घरानं ताशा लावला होता, गावभर साखर वाटली होती. लेकीच्या वेळी बारशाला माझ्या आईखेरीज कुणी आलं नव्हतं. मुलाला मांडीवर घेऊन सासूबाई म्हणाल्या होत्या, "ह्यो आमचा वंश. तू निस्ती दूध पाजणारी." तेव्हा ते मला लागलं होतं. पोळ्याच्या दिवसानंतर त्याच वाक्याचा मला उपयोग झाला. तुम्हाला वंश पाहिजे ना, मग मी त्याला असा वाढवीन की तुमच्या ओसरीत तो तुमच्या काही कामाचा राहणार नाही. तो बाईच्या हातातलं ताट घेईल, उष्टं काढेल, बहिणीला आधी वाढेल, आणि हे सगळं तुमच्या डोळ्यांदेखत करेल. लोक मला पुढं कधी कधी विचारायचे, मुलामुलीत फरक न करायचं तुम्हाला त्या काळात कसं सुचलं, काय वाचलंत. मी त्यांना खरं सांगत नसे. माझ्याकडं विचार नंतर आला. आधी राग आला, आणि त्यानंच मला कामाला लावलं.

नवरा मॅट्रिक झालेले होते, अक्षर चांगलं होतं. मी त्यांच्या मागं लागले. शेतात भावाच्या हाताखाली राबण्यापेक्षा जालन्याला आडतीवर कामाला लागा, म्हणून रोज सांगायचे. दिरांनाही ते पटलं, कारण घरचा कापूस विकायला आपला माणूस बाजारात असलेला त्यांना पाहिजेच होता. असे आम्ही जालन्याला आलो. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. आडत नव्या जालन्यात, खोल्या मात्र जुन्या जालन्यात मिळाल्या, कापडाच्या दुकानांच्या मागच्या बोळात. नवरा रोज सायकलवर कुंडलिकेचा पूल ओलांडून जायचे. मी दुकानांसाठी परकर आणि झबली शिवायला लागले.

पहिल्याच दिवशी मी चार ताटं एकदम मांडली, एक माझंही.

"तू बी?" नवरा म्हणाले.

"मी बी."

त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग बसले. भांडण त्यांच्या स्वभावातच नव्हतं. गावाकडं हाच स्वभाव माझ्या मुळावर आला होता, इथं तो माझ्या कामी आला. ज्याच्या हातात घर, त्याच्यापुढं हा माणूस मान खाली घालणार, हे मी ओळखून होते. मग घर माझ्या हातात घेतलं.

दुष्काळाच्या साली रेशनवर ती तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी कुणालाच गोड लागायची नाही, आणि तीही पुरायची नाही. मी सगळ्यांसमोर सारखे तुकडे करायची. मुलगा बारका होता, रडून मोठा तुकडा मागायचा. नवरा आपल्यातला द्यायला बघायचे.

"द्यायचा असंल तर दोघांना द्या," मी म्हणायची. "एकट्याला न्हाई."

"अगं, पोरगं हाय ते."

"मंग ती काय हाय?"

मुलाला मी हळूहळू कामाला लावलं. आधी ताटं उचलणं, मग फरशी पुसणं, मग कणीक मळणं. थोडा मोठा झाल्यावर ज्वारीचं पीठ परातीत घेऊन माझ्या शेजारी बसायचा. त्याची भाकरी जाड व्हायची आणि कडेला चिरायची. मी ती फेकली नाही, सगळ्यांना वाढली. लेकीला मी भाड्याची सायकल लावून दिली आणि ती गल्लीत पडत-धडपडत शिकली. स्वयंपाक तीही शिकली, पण त्याच्या आधी नाही आणि त्याच्याहून जास्त नाही. हे मी डोळ्यात तेल घालून बघायची. जरा कुणी "ताई करील ते" म्हणालं की माझ्या अंगावर काटा यायचा.

एकदा नवरा म्हणाले, "पोराला पार बायकी करू राह्यलीस तू. लोक हासू राह्यले."

"कोण लोक?"

"गल्लीतले. आडतीवरचे बी."

"मंग त्यांना जेवायला बोलवा," मी म्हणाले. "पोराच्या हातची भाकर खाऊन हासू द्या."

त्यांनी बोलावलं नाही. हसणं मात्र खरं होतं. बोळाच्या तोंडाशी नळ होता. मुलगा तिथं कपडे धुवायला बसला की टोळकं जमायचं. एक दिवस तो ओली बादली तशीच टाकून रडत आला. पोरं त्याला "बाई, परकर नेसून ये" म्हणत होती. मी त्याला जवळ घेतलं नाही. तेवढी मऊ मी त्या काळात नव्हते.

"बादली कुठंय?"

"तिथंच."

"जा, घेऊन ये. धुणं अर्धं राह्यलंय."

तो जाईना. तेव्हा लेक उठली. नळावर गेली, ती साबणाच्या पाण्यानं भरलेली बादली उचलली आणि सगळ्यात मोठ्यानं हसणाऱ्या पोराच्या डोक्यावर पालथी केली. त्याची आई भांडायला आली. मी तिला चहा पाजला आणि म्हणाले, "तुमच्या पोराचे कपडे ओले झाले, खरं हाय. पाठवून द्या, माझा पोरगा धुऊन देईल." ती उठून गेली. मला तो दिवस फार आवडतो.

आमच्या शेजारच्या खोलीत सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई राहायच्या. बौद्ध होत्या. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांनी अख्ख्या घरासह धर्म बदलला होता. नवरा लवकर वारलेला, एक मुलगी, माझ्या लेकीच्याच वर्गात. नर्सबाईंची ड्यूटी असली की त्यांची मुलगी आमच्याकडं जेवायची, आणि माझ्या दुकानाच्या खेपा असल्या की माझी दोघं त्यांच्याकडं. पहिल्यांदा ती पोर आमच्यात जेवायला बसली तेव्हा नवऱ्यांनी मला बाजूला बोलावून म्हटलं, "गावाकडं कळलं तर?"

"कळू द्या की," मी म्हणाले.

मी हे खरं सांगते, की त्या "कळू द्या" मध्ये त्या मुलीवरच्या मायेपेक्षा दिरांचा चेहरा मला जास्त दिसत होता. नर्सबाई हुशार होत्या. त्यांना ते दिसलं असावं. पुढं त्या काय बोलल्या ते येईलच.

लेक मोठी झाली, म्हणजे तिला पाळी आली, तेव्हा मी तिला बाहेर बसवलं नाही. मुलालाही बोलावून सरळ सांगितलं की असं असतं, सगळ्या बायकांना असतं, आज बहिणीच्या वाटणीचं पाणी तू भर. त्यानं "बरं" म्हटलं आणि घागर घेऊन गेला. त्याच आठवड्यात सासरकडची एक लांबची आत्या बाजाराला म्हणून आली आणि आमच्याकडं उतरली. तिनं पाहिलं, की पोरगी चुलीपाशी बसलीय, पाण्याला शिवू राह्यलीय, आणि भावाला सगळं माहीत आहे. ती जेवली, गेली, आणि गावात जाऊन तिनं ते सगळं सांगितलं.

थोड्याच दिवसांत आडतीवर गावचा माणूस निरोप घेऊन आला. थोरले दीर आणि सासूबाई उद्या येणार आहेत. पोरगी वयात आली, घनसावंगीकडचं एक स्थळ बघितलंय, बागायतदार आहेत, या उन्हाळ्यात बार उडवून टाकू. नवऱ्यांनी हे मला चपला न काढताच सांगितलं. लेक सातवीत होती.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? या म्हणलं."

मी शेजारी गेले. नर्सबाई ड्यूटीची साडी वाळत घालत होत्या. मी म्हणाले, "ताई, उद्या आमचे थोरले दीर येऊ राह्यलेत, ते तुम्हाला माहीत पाहिजे. तुमची ड्यूटी हाय, पोर दुपारी आमच्यात बसंल. मी काही तिला अडवणार न्हाई. पण तुम्ही सांगाल तसं."

त्यांनी साडीचा पदर सरळ केला आणि माझ्याकडं बघितलं. "तुमचं त्या माणसाशी जुनं काही हाय, ते मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पोरीला मी कुणाचं नाक कापायला पाठवणार न्हाई. भूक लागली तर ती रोजच्यासारखी येईल. अन् कुणी काही बोललं, तर तिच्या आधी तुम्ही बोलायचं. तिच्यावर जवाब द्यायची वेळ येऊ द्यायची न्हाई. आम्ही लहानपणी लई जवाब दिलेत."

"बराबर हाय," मी म्हणाले. त्यांच्यापुढं माझी मान जरा खाली गेली. पण राग खाली गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं सकाळच्या बसनं आले. दीर पांढऱ्या टोपीत, धोतर कडक. सासूबाई वाकल्या होत्या, एका डोळ्यात फूल पडल्यासारखं दिसत होतं. दीर खाटेवर बसले आणि भावाशी बोलायला लागले. स्थळ किती चांगलं आहे, मुलाला किती विहिरी आहेत, पोरीच्या शाळेचा खर्चा कसा वाचेल. मी आत पीठ मळत होते आणि ऐकत होते.

"तिला विचारू की," नवरा कसंबसं म्हणाले.

"कोणाला? पोरीला?" दीर हसले. "अरे, वासराला विचारून दावं बांधतेत काय?"

दुपारी शाळेतून लेक आणि तिची मैत्रीण आल्या. हातपाय धुतले. मी ताटं मांडली, सगळी एकदम. मुलगा तव्यापाशी बसला होता, त्या दिवशी भाकरी करायची त्याची पाळी होती. पाहुणे आले म्हणून पाळी बदलायची माझी पद्धत नव्हती, आणि त्या दिवशी तर मी ती मुळीच बदलली नसती. तव्याच्या जवळ सासूबाई भिंतीला टेकून, मग लेकीची मैत्रीण, लेक तिच्या पलीकडं, नवरा आणि दीर समोर. मी वाढायला उभी होते. मुलानं तव्यावरची भाकरी काढली आणि पहिली आजीच्या ताटात टाकली, कारण ती सगळ्यात जवळ होती.

दीर त्याच्याकडं बघत राहिले. "पोरगा भाकऱ्या थापू राह्यला?" त्यांनी भावाला विचारलं. मग दिरांची नजर ओळीवरून पुढं सरकली.

"ही कोणाची?"

"शेजारच्या नर्सबाईंची," लेक म्हणाली. "माझी मैत्रीण."

"कोण्या समाजाची?"

त्या पोरीनं तोंड उघडलं. मला नर्सबाईंचे शब्द आठवले. मी दोन पावलं पुढं आले आणि तिच्याआधी बोलले. "बौद्ध हायेत. ती रोज इथंच जेवती."

माझा पदर खांद्यावर होता. तो तिथंच राहू दिला.

दिरांनी माझ्याकडं बघितलं नाही. भावाकडं बघून म्हणाले, "सांग तुझ्या बायकोला, त्या पोरीला बाहेर बसव म्हणावं."

कुणी काही सांगितलं नाही. तव्याचा आवाज येत होता. दिरांनी वाट बघितली, मग मान वळवली आणि माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले.

"ऐकू येत न्हाई का तुला?"

"आता आलं," मी म्हणाले. "इतकी वर्षं तुम्ही भिंतीशी बोलत व्हता, मला काय कळणार? ती उठणार न्हाई. या घरात जेवत्या माणसाला उठवत न्हाईत. तुम्हाला चालत नसंल तर तुम्ही उठा."

मला वाटलं होतं हे म्हणताना माझा आवाज चढेल. चढला नाही. इतकी वर्षं मनात घोळवलेलं होतं, ते भाजीत मीठ पडावं तसं सहज पडलं.

दीर उठले. ताट पुढ्यात तसंच. ते भावाला म्हणाले, "तू बी बसणार?"

नवऱ्यांनी मान वर केली नाही. त्यांनी पुढचा घास घेतला.

मी तो घास बघितला. अगदी तोच माणूस, तीच खाली घातलेली मान, तोच हात. फक्त या वेळी तो माझ्या घरात बसला होता. मला इतका आनंद झाला की मला तो लपवायला पाठ फिरवावी लागली.

"माय," दीर म्हणाले, "ऊठ. चल."

सासूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला होता. गरम होती, म्हणून त्या फुंकर घालत होत्या. त्यांनी एका डोळ्यानं लेकाकडं वर बघितलं.

"भूक लागली मला," त्या म्हणाल्या. "सकाळपासून पोटात काही न्हाई."

"माय, ती पोर कोण हाय ते कळलं का तुला?"

"कळलं. बहिरी न्हाई मी." त्यांनी तुकडा भाजीत बुडवला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला. मग म्हणाल्या, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "तव्यावरून उतरलेली भाकर म्या कवा खाल्ली ते याद न्हाई." आणि नातवाकडं ताट सरकवून, "आन बाळा, अजून अर्धी."

मुलानं त्यांना अर्धी दिली. मग त्यानं दिरांकडं बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मोठे बाबा, तुमचं ताट झाकून ठेवू का?"

त्यात चिडवणं नव्हतं. त्याला असंच शिकवलेलं होतं, की जेवण टाकायचं नाही. पण दिरांना ते चपलेसारखं लागलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. ते दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, "ते स्थळ मोडलं समजा. असल्या घरातली पोर कोण करील?"

"लई उपकार झाले," मी म्हणाले.

ते बसस्टँडकडं गेले, आईला तिथंच टाकून. मला वाटतं त्यांना खात्री होती की ती मागून येईल.

सासूबाई गेल्या नाहीत. त्या आमच्याकडं बरेच दिवस राहिल्या. नर्सबाईंनी त्यांना दवाखान्यात नेऊन डोळा दाखवला. मी आता जे सांगणार आहे ते माझ्या बाजूचं नाही, तरी सांगते. दिरांवरचा सूड माझा पुरेपूर उगवून झाला होता, पण सासूबाईंशी माझा वेगळा हिशोब होता. "निस्ती दूध पाजणारी" हे मी विसरले नव्हते. त्या माझ्या घरी आल्या की त्यांना सगळ्यात शेवटी, थंड भाकरी वाढायची असं मी कितीदा मनात ठरवलेलं. आणि आता ती म्हातारी रोज दुपारी पहिली येऊन भिंतीला टेकून बसायची आणि नातवाच्या हाताकडं बघायची. तिला शेवटी बसवणं मला जमलं नाही. त्याची चुटपुट मला राहिली. त्यांनी कधी माफी मागितली नाही, मीही कधी माफ केलं नाही. एकमेकींसमोर बसून गरम जेवलो, एवढंच.

परत गावाला गेल्यावर मात्र त्या गप्प बसल्या नाहीत. जाऊबाईंना त्यांनी काय काय सांगितलं ते मला पुढच्या जूनमध्ये कळलं. पेरणीची धांदल सुरू होती, घरातले पुरुष रानात होते, आणि जाऊबाई एका दुपारी आमच्या दारात उभ्या. सोबत त्यांची मुलगी, ती पोळ्याला रांगत होती तीच, आणि एक पत्र्याची पेटी. गावात चौथीपर्यंतच शाळा होती.

"हिला ठेवून घेशील का?" जाऊबाई म्हणाल्या. त्या घामानं भिजल्या होत्या.

"भाऊजींना सांगून आलात?"

"न्हाई." त्यांनी पेटी आत सरकवली. "सासूबाईंनीच सांगितलं, जल्दी जाय म्हणे, ते रानातून यायच्या आत. त्यांच्याच हातानं पेटी भरली." मग म्हणाल्या, "माझं काय व्हायचं ते होईल. तिचं होऊ नये."

त्यांचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही. ते लिहायचा हक्क त्यांचा होता, आणि त्यांनी तो कधी वापरला नाही. एवढंच सांगते, की त्या दुपारी मी त्यांना परत जाऊ नका म्हणाले होते. त्या गेल्या, कारण घरी दोन मुलं होती.

ती पोर माझ्याकडं राहिली, वाढली, आणि मास्तरीण झाली. माझी लेक शेतकी कॉलेजात शिकली आणि पंचविशीत स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. नर्सबाईंची मुलगी त्या लग्नात सगळ्यात पुढं होती. मुलगा नोकरीत आहे. त्याच्या बायकोच्या माहेरचे लोक पहिल्यांदा घरी आले आणि त्यानं चहा आणला, तेव्हा त्यांनी एकमेकांकडं बघितलं. आता त्यांना सवय झाली आहे. मोठा झाल्यावर त्यानं मला एकदा विचारलं होतं, "आई, हे सगळं तू मोठ्या बाबांवरच्या रागानं केलंस ना?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "राग चांगला होता मग." मला त्यावर काही जोडायचं नाही.

पण त्या जूनचं अर्धं सांगायचं राहिलं. जाऊबाई परत गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी आडतीवर दिरांचा निरोप आला. पोरगी ताबडतोब परत पाठवा, न्हाईतर वावराच्या वाटणीला येऊ नका. नवरा दुपारीच सायकल दामटत घरी आले. घामाघूम झालेले. दारातच उभं राहून त्यांनी निरोप सांगितला.

मी म्हणाले, "मला कामून सांगू राह्यलात? पोरीला विचारा."

ती पोर माझ्या लेकीच्या शेजारी बसून पुस्तकाला कव्हर घालत होती. नवरा तिच्यासमोर खाली बसले. मग म्हणाले, "तुझ्या बापानं बोलावलंय. जायचं का?"

पोरीनं आधी माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम तोंड दुसरीकडं केलं.

"न्हाई," ती म्हणाली.

नवरा उठले, टोपी झटकून डोक्यावर घातली.

"आडतीवर तो माणूस थांबलाय," ते म्हणाले. "काय सांगू?"

"तिनं सांगितलं ते सांगा. तिच्या नावानं सांगा."

ते सायकल घेऊन निघाले. बोळाच्या तोंडाशी पोचेपर्यंत मी दारात उभी राहून बघत होते. त्यांनी वळून बघितलं नाही, आणि ते थांबलेही नाहीत. भावाला "न्हाई" सांगायला माझा नवरा कुंडलिकेच्या पुलाकडं चालला होता, आणि तो नकार एका दहा वर्षांच्या पोरीचा होता. मी आत आले, मशीनवर बसले, आणि संध्याकाळपर्यंत गाणं गुणगुणत परकर शिवत राहिले.